आकाशाची राखण



सेमाडोह हे मेळघाटातील सिपना नदीच्या काठचे लहानसे गाव. परतवाड्याहून धारणीकडे जाणारी सडक ह्या गावावरून जाते. सभोवती सागाचे रान आणि कोरकू बांधवांची वस्ती. येथे रात्री अंगणात बसले म्हणजे चांदण्यांतून एखादा लुकलुकता दिवा सरकत जाताना दिसतो. एके रात्री शेजारच्या मुलाने मला विचारले, "गुरुजी, हे विमान कोणाचे नि कोठे चालले, हे कोणाला ठाऊक असते?" मी म्हणालो, "सरकारला." उत्तर दिले खरे, पण माझेच समाधान झाले नाही. सरकार म्हणजे अनेक खात्यांचा समुदाय. त्यांपैकी नेमके कोणाला ठाऊक असते, आणि एकाला ठाऊक असलेले दुसऱ्याला केव्हा कळते? आज ह्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाला विचारावयाचे आहे.

प्रथम १९४० सालचे इंग्लंड पाहू. त्या उन्हाळ्यात जर्मन विमाने चालून आली, तेव्हा किनाऱ्यावर रडारचे उंच मनोरे उभे होते. परंतु त्यांची दृष्टी समुद्राकडे होती. विमान किनारा ओलांडून आत आले की पुढचे काम टेहळणी पथकाचे. सुमारे तीस हजार स्वयंसेवक हजारभर चौक्यांवरून आकाश न्याहाळीत आणि दूरध्वनीने खबर देत. लढाऊ विमानदलाचे प्रमुख ह्यू डाउडिंग ह्यांनी अशी व्यवस्था लाविली की, रडारच्या खबरा लंडनजवळ बेंटली प्रायरी येथे चाळल्या जाव्यात आणि मग मोठ्या नकाशाच्या मेजावर त्या टेहळणी पथकाच्या खबरांशी जुळवाव्यात. त्याच चित्रावरून वैमानिकांना हुकूम जाई, तोफांना सूचना मिळे आणि शहरांत भोंगा वाजे. रडार जर्मनांपाशीही होते. इंग्रजांचे बळ ह्या जोडणीत होते.

आता आपल्या देशातील प्रसंग पाहू. त्याचा शेवटचा अंक मुंबईत घडला.

१७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यातील खेड्यांवर एका अँटोनोव्ह २६ जातीच्या मालवाहू विमानाने हवाई छत्र्यांनी पेट्या टाकल्या. सकाळी खेडूत शेतात जाऊन पाहतात तो शेकडो ए. के. ४७ बंदुका आणि काडतुसांच्या राशी! हे विमान काही चोरवाटेने आलेले नव्हते. बल्गेरियातून शस्त्रे घेऊन ते कराचीमार्गे आले, वाराणसीच्या विमानतळावर उघडपणे उतरले, आणि पेट्या टाकून झाल्यावर कलकत्त्यासही उतरून पुढे थायलंडातील फुकेतला निघून गेले.

ह्याहून आश्चर्य असे की, ह्या बेताची खबर ब्रिटिश गुप्तवार्ता खात्याने भारत सरकारला आधीच दिली होती. ती गृहखात्यापर्यंत पोहोचली, आणि तेथून बंगाल सरकारला जे पत्र गेले ते नोंदणी टपालाने गेले! ते हाती पडले तेव्हा शस्त्रे पडून चुकली होती. म्हणजे विमानतळाच्या वहीत विमानाची नोंद होती आणि गृहखात्याच्या फाइलीत त्याच्या हेतूची. वही व फाइल वेळेवर एका मेजावर आली नाहीत, एवढीच काय ती उणीव. पण तिची किंमत केवढी!

पुढे तेच विमान फुकेतहून मद्रासमार्गे कराचीस परत चालले असता वायुदलाने ते हेरले आणि २२ डिसेंबरच्या पहाटे मुंबईस उतरावयास लाविले. ब्रिटिश नागरिक पीटर ब्लीच आणि पाच लॅटव्हियन कर्मचारी सापडले. परंतु किम डेव्ही हे नाव धारण केलेला मुख्य सूत्रधार विमानतळावरूनच निसटला. आकाशातली पकड जमिनीवर सुटली. पकडलेल्यांना २००० साली जन्मठेप झाली. कर्मचारी त्याच वर्षी सुटले, ब्लीच २००४ साली सुटला. डेव्हीला भारताच्या स्वाधीन करण्यास डेन्मार्कच्या न्यायालयांनी २०११ साली आणि पुन्हा २०२४ साली नकार दिला.

अशा अनुभवांचा धडा वाया गेला नाही. पुढे वायुदलाने एकात्मिक हवाई नियंत्रण यंत्रणा उभारली. तीत वायुदलाच्या रडारांबरोबरच सेनेच्या, नौदलाच्या व नागरी रडारांची चित्रेही एकत्र येतात. मे २०२५ मध्ये पश्चिम सीमेवर ड्रोन आले, तेव्हा ती कसोटीस लागली व उपयोगी पडली. परंतु रडार बिंदू दाखविते. त्या बिंदूचा हेतू ओळखण्यास गुप्तवार्ता लागते, आणि विमान उतरल्यावर पोलीस व जकात अधिकारी लागतात. ही साखळी केवळ यंत्रांनी जुळत नाही. माणसांनी आपापल्या खात्याची कुंपणे ओलांडून ती रोज जुळवावी लागते.

आमच्या रानात उन्हाळ्यात वणव्याची राखण असते. राखणदाराला दूर धूर दिसतो, तो पुष्कळदा दुसऱ्याच्या हद्दीतला. "माझी हद्द नव्हे," म्हणून तो स्वस्थ बसला, तर सायंकाळी वणवा त्याच्याच दारी येतो. आगीला हद्द कळत नाही; विमानालाही कळत नाही.

त्या मुलाला मी नंतर हे सारे सांगितले. तो क्षणभर विचार करून म्हणाला, "म्हणजे गुरुजी, ज्याला दिसले त्याने लगेच ओरडायचे!" मी म्हणालो, "होय बाळ. आणि ज्याने ऐकले त्याने लगेच उठायचे."