शेगावचं टक्कल

नाशकात माझे केस गळायला लागले तेव्हा मी पाण्यालाच शिव्या घातल्या. २०२४च्या डिसेंबरात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवडमध्येही आधी पाण्यावरच संशय गेला. तिथं तर तीन-चार दिवसांत टक्कल! मग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर (विंचूदंशावर काम केलेले तेच) यांनी रेशनचा गहू तपासला. त्यात सेलेनियम भरमसाट निघालं. चीनच्या एन्शीत १९६०च्या दशकात हेच घडलं होतं, धान्यातल्या सेलेनियमनं केस आणि नखंही गेली होती. शरीराला ते लागतं, पण अगदी चिमूटभर.

हे वाचून मी माझ्या केसांच्या गोळ्यांचं पाकीट उलटवलं. त्यावरही सेलेनियम! गोळ्या थांबवल्यात, उद्या पाकीट घेऊन डॉक्टरांकडे चाललोय.