पिसाने छेडलेली तार

हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोचा अडाणी आजा, असे आपण सहज म्हणून जातो. ते बरोबर नाही. पियानोत हातोडी तारेवर आपटते. येथे पट्टी दाबताच लाकडी दांडी वर उठते आणि तिच्यात खोवलेले डोमकावळ्याच्या पिसाचे टोक तार छेडते. सतारीची नखीच म्हणा ना! पट्टी जोराने दाबली म्हणून नाद फारसा वाढत नाही. भाव आणायचा तो स्वर केव्हा छेडावा आणि केव्हा सोडावा, एवढ्यावरच.

अँटवर्पचा हान्स रुकर्स १५७९ साली तेथील कारागिरांच्या संघात दाखल झाला. त्याच्या घराण्याच्या वाद्यांचा लौकिक असा, की अठराव्या शतकात पॅरिसचे कारागीर ती उकलून, रुंदावून, पट्ट्या वाढवून पुन्हा बांधीत. नकली रुकर्सही खपू लागली!

पुढे पियानोने हे वाद्य मागे सारले. १९१२ साली प्लेयेल कंपनीने वांडा लांडोव्स्काबाईंसाठी ते नव्याने बांधले, पण पियानोसारख्या जाड बांध्याचे. बाईंचे ऋण आम्ही विसरत नाही. तरी त्या भाराखाली जुना मोकळा नाद गुदमरला, हेही सांगितले पाहिजे. १९४९ साली बोस्टनमध्ये फ्रँक हबर्ड आणि विल्यम डाउड यांनी कारखाना काढला, आणि जुन्या वाद्यांची मापे समोर ठेवून पुन्हा पातळ फळ्या रंधावयास घेतल्या.