हरळी आणि हिरवळ

आमच्या कन्नड तालुक्यात हरळीचं नाव कुणी प्रेमाने घेत नाही. कपाशीत, मक्यात किंवा अद्रकीच्या वाफ्यात ती एकदा शिरली की शेतकऱ्याची झोप जाते. वरून कापली तर ती दुप्पट जोमाने फुटते, कारण तिचा जीव जमिनीखालच्या मुळीत असतो. खुरपणाऱ्या बायका तिची मुळी वीतभर खोल उकरून काढतात, बांधावर फेकतात, आणि पहिल्या पावसात ती बांधावरूनच परत येते. चिवट माणसाला आपण हरळीची मुळी म्हणतो ते उगाच नाही.

माझे मामू मात्र हरळी लावायचा पगार घेत होते. मुंबईतल्या एका मैदानावर ते माळी होते. तीस वर्षं त्यांनी गवत लावलं, कापलं, भिजवलं, रोलर फिरवला. ईदला गावी आले की आम्ही पोरं त्यांना विचारायचो, कोणकोणते खेळाडू बघितले? त्यांची उत्तरं भलतीच असायची. कोणाच्या बुटाचे खिळे गवत उपटतात, कोण चालताना पाय घासतो, एवढंच त्यांना आठवायचं. चेहरे त्यांनी फार बघितलेच नसावेत.

एप्रिल २०१६ची गोष्ट. मराठवाड्याचा पाठोपाठचा दुसरा दुष्काळ. शिवना नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. आमच्या मोहल्ल्यात टँकर आला की अम्मीपासून शेजारच्या आत्यापर्यंत सगळ्या हंडे घेऊन धावायच्या. मी मामूंना फोन केला आणि बोलता बोलता सुनावलं, "मामू, इथं प्यायला पाणी नाही आणि तुम्ही तिकडं गवताला पाणी पाजताय." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बेटा, घास कू पानी देना मेरा काम है. पानी किसका है, वो मेरे कू किसने पूछा?"

त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयात हाच प्रश्न चर्चेला होता. 'लोकसत्ता मूव्हमेंट' या संस्थेने जनहित याचिका दाखल केली होती. मुंबई, पुणे आणि नागपूरच्या आयपीएल सामन्यांसाठी मैदानांवर सुमारे ६० लाख लिटर पाणी खर्च होणार, असं तिचं म्हणणं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. पिण्याचं पाणी नको, रेसकोर्सवरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतो, असं क्रिकेटवाले सांगत होते, तरी निकाल तोच राहिला. तयारीला वेळ नाही म्हणून पुण्याचा १ मेचा सामना तेवढा होऊ दिला. मुंबईत व्हायचा अंतिम सामना बंगळुरूला गेला.

मला तेव्हा फार आनंद झाला होता. पुढे या गवताचा इतिहास वाचत गेलो, तसा तो आनंद थोडा गुंतागुंतीचा झाला.

हिरवळ ही मुळात आपल्याकडची आवड नव्हे. खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरातून जमिनीखालून नहर आणली, ती शहराची तहान भागवायला. नंतर मोगलांनी बीबी का मकबऱ्याभोवती चारबाग केली. मोगल बागेचा जीव वाहतं पाणी, फळझाडं, फुलं आणि सावली यांत होता. दूरवर पसरलेलं, कातरलेलं, मोकळं गवत ही इंग्रजांची नजर. ताजमहालाच्या बागेला आजचं हिरवळीचं रूप आलं तेही लॉर्ड कर्झनच्या काळात. इंग्लंडात वर्षभर रिमझिम असते, तिथं गवत आपोआप वाढतं. पूर्वी ते विळ्याने कापत किंवा मेंढ्यांना चारत. १८३०मध्ये एडविन बडिंग नावाच्या माणसाने गवत कापायचं यंत्र काढलं आणि एकसारखी हिरवळ ही सर्वसाधारण गोष्ट झाली. ही आवड घेऊन साहेब जिथे आठ महिने पाऊस पडत नाही अशा दख्खनमध्ये आला. कन्नडपर्यंतही आला. १८२५नंतर इथे भिल्ल एजन्सी होती, आणि चाळीसगावकडे उतरणाऱ्या आमच्या घाटाला औट्रमचं नाव अजून आहे. मैदानाची हिरवळ मात्र मी इथे पाहिली नाही. आम्ही वाढलो ते काथ्याच्या मॅटिंगवर, कडेने खिळे ठोकलेल्या. काळी जमीन उन्हाळ्यात अशी फाटते की चेंडू भेगेत अडकायचा.

मुंबईत मात्र गवतावरून लढाई झाली. तिच्याबद्दल आपल्या लोकांना फार कमी माहिती आहे.

किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावर पारशी पोरं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून क्रिकेट खेळत होती. त्यांचा ओरिएंटल क्लब १८४८चा. त्यांचं पाहून हिंदू आणि मुसलमानही खेळू लागले. १८७५मध्ये गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना निघाला. मैदानाचा चांगला, कुंपण घातलेला तुकडा त्यांच्याकडे आणि उरलेल्या जागेत देशी लोकांची गर्दी, अशी वाटणी झाली. एवढ्यावर भागलं नाही. गोऱ्या अधिकाऱ्यांना पोलो खेळायचा होता, आणि तो ते स्वतःच्या क्रिकेटच्या हिरवळीवर कशाला खेळतील? देशी खेळाडूंच्या भागात घोडे आले. टापांनी गवत उखडलं, जमिनीला खड्डे पडले, चेंडू कुठे उसळेल याचा नेम राहिला नाही.

शापूरजी सोराबजी नावाच्या पारशी गृहस्थाने याविरुद्ध चळवळ उभी केली. १८८१मध्ये गव्हर्नरकडे अर्ज गेला. त्यावर शेकडो सह्या होत्या, पारशी, हिंदू आणि मुसलमान तिघांच्याही. काँग्रेस स्थापन व्हायला अजून चार वर्षं होती, आणि मुंबईतले तिन्ही समाज गवतासाठी एकत्र सही करत होते! मागणी साधी होती: मोजके साहेब खेळतात तो पोलो दुसरीकडे न्या, शेकडो पोरं खेळतात ती जमीन सोडा. सुरुवातीला सरकार अर्जदारांच्या बाजूने वळलं, पण जिमखान्याने वजन वापरलं आणि घोडे परत आले. पुढे १८९७मध्ये शापूरजींनी या सगळ्या झगड्यावर पुस्तकच लिहिलं.

यातली एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोलो म्हणजे आपला चौगान. इराणी-तुर्की सुलतानांचा आवडता खेळ. दिल्लीचा कुतुबुद्दीन ऐबक १२१०मध्ये लाहोरला चौगान खेळतानाच घोड्यावरून पडून मेला. तोच खेळ साहेबाच्या हातात गेला आणि मुंबईच्या मुसलमान पोरांची खेळपट्टी उखडायला परत आला.

सरकारने शेवटी तोडगा काढला तो असा की समुद्रात भर टाकलेली जमीन देशी लोकांना द्यायची, पण धर्मवार. आधी पारशी जिमखाना, मग १८९०च्या दशकात इस्लाम जिमखाना आणि हिंदू जिमखाना. आज मरीन लाइन्सच्या बाजूला तिन्ही एका रांगेत उभे आहेत. बद्रुद्दीन तय्यबजींसारखी माणसं आपल्या लोकांच्या जिमखान्यासाठी झटली, त्यांच्याबद्दल आदर आहेच. मला खटकतं ते वेगळं. एका कागदावर सह्या केलेल्या माणसांना तीन कुंपणं मिळाली. तिरंगी सामने सुरू झाले, १९१२मध्ये मुस्लीम संघ आल्यावर ते चौरंगी झाले, १९३७मध्ये पंचरंगी. गांधीजींनी या धर्मवार सामन्यांना विरोध केला, आणि १९४६मध्ये ते बंद झाले. आपल्याकडे इस्लाम जिमखान्याचं कौतुक करताना तो उखडलेल्या गवताच्या भांडणातून निघाला, हे कुणी सांगत नाही.

आणि ही हिरवळ राखत कोण होतं? त्यांतल्या एकाचं नाव इतिहासात राहिलं, ते पळवणकर बाळू. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायचा आणि रोलर फिरवायचा, महिना ३ रुपयांवर. १८९२च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला, तिथं ४ रुपये. जाळी लावणं, रेषा आखणं, गवत राखणं ही कामं करता करता तो साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करू लागला. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज त्याच्याकडून तासन्‌तास चेंडू टाकून घ्यायचा. बाळूच्या हातात बॅट मात्र तिथं कुणी दिली नाही. जमीन त्याने तयार केली, तिच्यावर चेंडू वळवायचा कसा हेही तोच शिकला, आणि खेळायचा हक्क मात्र मालकाचा. पुढे हिंदू संघांना त्याची गरज लागली. मैदानात एकाच चेंडूला सगळ्यांचे हात लागत. चहाच्या वेळी त्याला बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात याच माणसाने ११४ बळी घेतले.

बाळूचं नाव टिकलं कारण तो गोलंदाज होता. बाकीच्या माळ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

आता परत हरळीकडे. गोल्फच्या आणि क्रिकेटच्या मैदानांवर जे 'बर्म्युडा ग्रास' म्हणून महागात विकलं जातं, ते हरळीच्याच कुळातलं. नाव अटलांटिकमधल्या बेटाचं, पण गवत मूळचं तिथलं नाही; ते आपल्या जुन्या जगातलं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने या हरळीचा आफ्रिकेतल्या एका बारीक पात्याच्या जातीशी संकर केला. त्यातून १९५६मध्ये टिफग्रीन आणि १९६०मध्ये टिफवे ४१९ या जाती आल्या. यांना बी धरत नाही. मुळीचे तुकडेच लावावे लागतात. गोल्फच्या ग्रीनवर हे गवत तीन-चार मिलिमीटरवर कापलेलं असतं. एवढं खुरटं ठेवलेलं गवत खोल मुळी धरत नाही, मग त्याला सारखं पाणी लागतं. बांधावरची हरळी पाण्याशिवाय जगते, कारण तिला कुणी कापत नाही.

मी एकदा कागदावर हिशेब मांडला. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरलं, तर एका एकराला २० हजार लिटर होतात. क्रिकेटचं मैदान पावणेचार एकर धरलं तर ७५ हजार. टंचाईत टँकरने माणशी २० लिटर धरले, तर हे पावणेचार हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. आकडा मोठा वाटतो. पण एक हेक्टर उसाला वर्षाला दोन कोटी लिटरहून जास्त पाणी लागतं. न्यायालयापुढचे ते ६० लाख लिटर म्हणजे पाऊण एकर उसाचं पाणी! सामने गेले ते योग्यच झालं, असं मी अजून म्हणतो. लोक हंडा घेऊन उभे असताना तमाशा नको. पण त्या उन्हाळ्यात उसाला कुणी विशाखापट्टणमला पाठवलं नाही. हिरवळ टीव्हीवर दिसते, ऊस दिसत नाही.

सामने गेल्यावर मामूंच्या मैदानावर पाणी कमी केलं गेलं. गवत पिवळं पडलं. त्याबद्दल त्यांना बोलणी बसली, आणि त्यांनी ती ऐकून घेतली. पाणी देतो म्हणून भाच्याने बोललं होतं, देत नाही म्हणून साहेबांनी.

निवृत्त होऊन ते आता कन्नडला राहतात. पगार बंद झाला, पण हात बसू देत नाहीत. सकाळी फजरनंतर मामेभावाच्या अद्रकीत जाऊन बसतात आणि हरळी काढतात. मी एकदा शेजारी बसून बघितलं. खुरप्याने ते आधी मुळीच्या दोन्ही बाजूंची माती अलगद सुटी करतात, मग न तोडता अख्खी मुळी वर घेतात, आणि ओल्या मातीसकट सावलीत ठेवतात, पुन्हा लावायची असावी तशी. मामेभाऊ लांबून ओरडतो, "अब्बा, तोड के फेंको ना!"