गाडीतून आणलेली गर्दी

सभेला चला म्हणून गाडी येते, आपण बसतो, सांगितले की टाळ्या वाजवतो आणि घरी येतो. आज आम्ही अशाच एका सभेचा इतिहास सांगणार आहोत. ही सभा युरोपातल्या रुमानिया देशात, बुखारेस्ट या राजधानीत २१ डिसेंबर १९८९ रोजी झाली.

निकोलाय चाउसेस्कू १९६५ पासून तिथले सर्वेसर्वा होते. परदेशी कर्ज फेडायचे म्हणून त्यांनी देशात पिकलेले अन्न बाहेर विकले. घरात मात्र साखर, तेल, पाव रेशनवर. कडाक्याच्या थंडीत घर गरम ठेवण्याचीही मारामार. १९६६ मध्येच गर्भपातावर बंदी आली होती. चोरून गर्भपात करताना हजारो बायका जिवाला मुकल्या.

पण हे दुःख तोंडावर सांगणार कोण? पत्नी एलेना सरकारात मोठ्या पदावर, नातलगही मोक्याच्या जागी. विरोधात बोलणाऱ्यामागे गुप्त पोलीस लागत. वर्तमानपत्रांत नुसते गुणगान. नोव्हेंबर १९८९ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात त्यांची एकमताने फेरनिवड झाली. सगळे सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते.

महिन्याभरात तिमिशोआरा शहरात लोक रस्त्यावर उतरले. त्यांच्यावर गोळीबार झाला. म्हणजे लोक चिडलेत हे चाउसेस्कूंना कळले होते. तरी त्यांना वाटले, राजधानी आपलीच आहे. कारखान्यांतले कामगार सभेला आणले, हाती फलक दिले. भाषण सुरू झाले आणि थोड्याच वेळात त्याच गर्दीतून आरडाओरडा उठला. त्यांचा गोंधळलेला चेहरा सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला. पगारवाढ जाहीर केली, तीही कामी आली नाही. दुसऱ्या दिवशी ते हेलिकॉप्टरने पळाले, पकडले गेले. २५ डिसेंबरला घाईघाईच्या खटल्यानंतर नवराबायको दोघांनाही गोळ्या घातल्या.

मैत्रिणींनो, तिथे बोलणे म्हणजे तुरुंग. आपल्याकडे ग्रामसभेत बोलायचा हक्क कायद्याने दिला आहे. मग पाणी आठ दिवसांनी येत असेल, तर ‘सगळे ठीक आहे’ला आपण मान का डोलवायची? आपल्या गटातही अध्यक्षताईंना हिशेब विचारायला कचरायचे नाही. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एक तरी अडचण उभे राहून सांगायची आणि ती वहीत लिहून घ्यायची. एवढे ठरवूया.