अपघात नुकसानभरपाईच्या दाव्यांतील वकिलांची व्यावसायिक पार्श्वभूमी : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

विदर्भातील वकिलांचा इतिहास म्हटला की दादासाहेब खापर्डे, लोकनायक बापूजी अणे, बॅरिस्टर मोरोपंत अभ्यंकर ही नावे आपोआप पुढे येतात. वकिली हे राजकारणाचे प्रवेशद्वार होते, या दृष्टीने त्यांचा अभ्यास झाला व तो योग्यही आहे. परंतु खाणीत पाय गमावलेल्या मजुराची किंवा रस्त्यावर ठार झालेल्या शेतकऱ्याच्या विधवेची बाजू मांडणारा वकील कोण होता आणि तो या कामाकडे कोणत्या वाटेने आला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत निबंधात तो भंडारा जिल्ह्याच्या, विशेषतः तुमसर तालुक्यातील बपेरा या सीमावर्ती गावाच्या संदर्भात विचारला आहे. बावनथडीच्या पलीकडे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा, अलीकडे सिहोरा-तुमसरचा परिसर आणि त्याच तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मॅंगनीजच्या खाणी असा हा प्रदेश आहे. खाण आणि रस्ता ही अपघाताची दोन्ही क्षेत्रे येथे जवळजवळ आहेत.

प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन असे की, अपघाताच्या दाव्यांचा वकील विधी महाविद्यालयापेक्षा कायद्यानेच अधिक घडविला. प्रत्येक नव्या कायद्याने पुराव्याची वेगळी मागणी केली आणि त्या मागणीप्रमाणे वेगळ्या पार्श्वभूमीचा मनुष्य पुढे आला.

जमिनीचे वकील

इंग्लंडमधील १८४६ च्या कायद्याच्या धर्तीवर हिंदुस्थानात १८५५ मध्ये प्राणघातक अपघातांचा कायदा झाला. दुसऱ्याच्या चुकीमुळे मृत्यू आल्यास मृताची पत्नी, पती, आईवडील व मुले यांच्यासाठी भरपाई मागण्याचा अधिकार त्याने दिला. मात्र दावा दिवाणी न्यायालयात लावायचा, निष्काळजीपणा स्वतः सिद्ध करायचा आणि पुढे मागणीच्या प्रमाणात न्यायशुल्कही भरायचे, अशी ही वाट होती. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाला ती परवडणारी नव्हती.

त्या काळी मध्य प्रांतात वकील नव्हते असे नाही. १८७९ चा विधिव्यवसायी कायदा या प्रांताला लागू होता; वकील, प्लीडर, मुखत्यार व महसुली अभिकर्ते असे निरनिराळ्या दर्जाचे लोक कचेऱ्यांतून काम करीत. नागपूरची महाविद्यालये आधी कलकत्ता व पुढे अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये निघाले. या वकिलांचे उपजीविकेचे क्षेत्र म्हणजे मालगुजारी, कुळांचे हक्क, वाटण्या आणि सावकारी. मालगुजार हा पक्षकार असे. त्याच्या शेतावर बैलगाडीखाली सापडलेला मजूर पक्षकार होत नसे. या पिढीला जखमेचा कायदा ठाऊक नव्हता असे म्हणण्यापेक्षा जखमी मनुष्य तिच्या दारापर्यंत येऊ शकत नव्हता, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

कामगार संघटनेतून आलेले प्रतिनिधी

हे चित्र बदलले ते १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने. हा कायदा १ जुलै १९२४ पासून अंमलात आला आणि खाणींनाही लागू झाला. त्याचे महत्त्व दोन गोष्टींत आहे. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज उरली नाही. अपघात कामामुळे व काम चालू असताना झाला, एवढे दाखविणे पुरेसे झाले. आणि भरपाईचे मोजमाप कायद्यानेच ठरवून दिले. मूळ कायद्यानुसार प्रौढ कामगाराच्या मृत्यूबद्दल ३० महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती देय होती. कायम व पूर्ण अपंगत्वासाठी हेच प्रमाण ४२ महिन्यांचे वेतन किंवा ३,५०० रुपये असे होते. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागे. मालकाने परस्पर विधवेच्या हातावर काही रक्कम ठेवून अंगठा घेतला, तर कायद्याच्या दृष्टीने ती भरपाई ठरत नसे. अर्जदार निरक्षर असल्यास आयुक्तांच्या देखरेखीखाली अर्ज तयार करून देण्याचीही तरतूद होती.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला सर्वांत बोलके वाटावे असे कलम आहे ते २४वे. आयुक्तांपुढे पक्षकाराच्या वतीने वकिलाने उभे राहावे, तसेच नोंदणीकृत कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्याने, विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने, कारखाने वा खाण निरीक्षकाने किंवा आयुक्तांच्या अनुमतीने अन्य कोणीही उभे राहावे, अशी मुभा या कलमाने कालांतराने दिली. म्हणजे जखमी माणसाची बाजू मांडण्यासाठी सनद ही एकमेव पात्रता राहिली नाही. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने संघटनांना नोंदणी मिळाली आणि या मुभेला अर्थ आला.

याच काळात कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडणारे नारायण मल्हार जोशी हे मूळचे शिक्षक. १९०९ मध्ये ते भारत सेवक समाजात गेले व १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. कायद्याची पदवी नसलेला हा मनुष्य कामगार कायद्यांचा अधिकारी जाणकार मानला गेला. उलट नागपूरचे रा. स. रुईकर हे वकील. गिरणी कामगारांच्या संघटनेमुळे ते अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९४२ ते १९४६ या काळात केंद्रात मजूर खाते सांभाळले. एक जण शाळेतून, एक न्यायालयातून, एक दोन्हींच्या पलीकडून आलेला. तिघांच्या पार्श्वभूमी भिन्न असल्या, तरी कामगाराचे वेतन, त्याची पाळी आणि त्याचे यंत्र यांची माहिती त्यांनी प्रत्यक्ष कामगारांत राहून मिळविली, हा धागा समान आहे. (जाता जाता नोंदवावे की, स्त्रियांना वकिलीची बंदी नाही असे स्पष्ट करणारा कायदाही १९२३ चाच. मॅंगनीजच्या उघड्या खाणींत स्त्रिया मोठ्या संख्येने राबत. त्यांच्या बाजूने स्त्री वकील उभी राहण्यास मात्र पुढे फार काळ लागला.)

विमा कंपनीच्या पॅनेलवरून

मोटारीच्या अपघाताने तिसरी पिढी घडविली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील त्रयस्थ पक्षाच्या सक्तीच्या विम्याची तरतूद १ जुलै १९४६ पासून लागू झाली. १९५६ च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणांची सोय झाली. या बदलाने प्रतिवादी बदलला. ट्रकमालक नावापुरता उरला आणि खरी लढत विमा कंपनीशी होऊ लागली. १९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण अंमलात आल्यावर चार सरकारी कंपन्या राहिल्या व त्यांच्या वकिलांच्या पॅनेलला महत्त्व आले. पॅनेलवर काम केलेल्या वकिलाला पॉलिसीच्या अटी, चालकाच्या परवान्यातील उणिवा, कंपनी कोठे तडजोड करते व कोठे अडते, हे आतून ठाऊक असते. असा वकील पुढे दावेदारांची कामे घेऊ लागला, तर त्याचे पूर्वायुष्य हेच त्याचे भांडवल ठरते. त्याच प्रकरणात बाजू बदलण्यास वकील परिषदेचे नियम मनाई करतात. व्यवसायाची बाजू बदलण्यास नाही.

येथे एक जुनी विद्याही परतली. सरला वर्मा खटल्याच्या २००९ च्या निकालाने गुणकाचा तक्ता निश्चित केल्यावर हिशेब सोपा झाला आणि वकिलाचे कसब उत्पन्नाच्या पुराव्यावर येऊन ठेपले. पगाराची पावती नसलेल्या धान उत्पादकाचे उत्पन्न कसे दाखवायचे? सातबारा, फेरफार आणि गिरणीच्या पावत्या वाचणारा वकील येथे उपयोगी पडतो. म्हणजे मालगुजारीच्या काळातील महसुली वकिलाचाच हा वारसा. २०१० च्या राजकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची हानी या भिन्न गोष्टी असल्याचे स्पष्ट केले. तेव्हापासून डॉक्टरची साक्ष नीट काढणे हे स्वतंत्र कौशल्य झाले आहे. माझ्या मते, दावेदाराचे सर्वाधिक नुकसान याच ठिकाणी होते, कारण ही विद्या पाठ्यक्रमातून मिळत नाही.

न सांगता येणारी पार्श्वभूमी

अमेरिकेत १९७७ च्या बेट्स खटल्यानंतर वकिलांना जाहिरातीची मोकळीक मिळाली. तेथील पेढ्या आपले वकील पूर्वी विमा कंपनीकडे किंवा सरकारी पक्षात होते, हे अभिमानाने सांगतात. आपल्याकडे जाहिरातीस मनाई आहे. २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी, शैक्षणिक पात्रता व कामाचे क्षेत्र देण्याची परवानगी मिळाली. पूर्वी कोणाची बाजू मांडली, हे त्यात बसत नाही. भरपाईच्या टक्केवारीने फी ठरविण्यासही बंदी आहे. वसुलीची निम्मी रक्कम घेण्याच्या करारावरून सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये वकिलावर कारवाई केली आणि २०१७ मध्ये मोटार अपघाताच्याच प्रकरणात टक्केवारीची फी अवैध ठरविली. हे नियम व्यवसायाच्या प्रतिष्ठेसाठी आहेत हे मान्य. पण पक्षकाराला वकिलाची ओळख पटण्याचे साधन त्यामुळे केवळ शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बोलणे एवढेच राहते.

बपेऱ्याच्या बाबतीत ही अडचण दुहेरी आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी भंडारा आणि बालाघाट हे दोन्ही जिल्हे एकाच प्रांतात व नागपूर उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात होते. त्या दिवशी भंडारा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, बालाघाट जबलपूरकडे गेला, आणि एकाच न्यायालयात वावरणारा वकीलवर्ग दुभंगला. १९३९ च्या कायद्याखाली अपघात जेथे घडला तेथील न्यायाधिकरणाकडेच जावे लागे. नदीपलीकडे ठार झालेल्या माणसाच्या घरच्यांना पलीकडचाच वकील शोधावा लागत असे. १९९४ च्या दुरुस्तीने दावेदार राहतो तेथेही अर्ज करण्याचा पर्याय दिला. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली व ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या मुदतीत बपेऱ्याच्या कुटुंबाला भंडारा की बालाघाट हे ठरवायचे असते. पोलिसांची कागदपत्रे पलीकडे हिंदीत, जमिनीचा सातबारा अलीकडे मराठीत. आणि दोन्ही वाचून साक्षीदाराला प्रश्न विचारू शकेल असा वकील कोणता, हे वकीलपत्रावरील नाव व सनदेच्या क्रमांकावरून कळत नाही.