अल्कधर्मी मृदा धातू

आवर्तसारणीच्या दुसऱ्या गणात बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि रेडियम ही सहा मूलद्रव्ये येतात. चुन्यासारखे पदार्थ भट्टीच्या आचेतही वितळत नसत आणि पाण्यात कालवल्यावर अल्कधर्मी गुण दाखवीत. म्हणून जुने रसायनज्ञ त्यांना ‘अल्कधर्मी मृदा’ म्हणत. या ‘मृदा’ म्हणजे धातूंची ऑक्साइडे आहेत, हे हम्फ्री डेव्ही यांनी विद्युत अपघटनाने सिद्ध केले. १८०८ या एकाच वर्षात त्यांनी मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम आणि बेरियम हे चार धातू वेगळे केले. नाव मात्र जुनेच राहिले.

या धातूंच्या अणूत सर्वांत बाहेरच्या कवचात दोन इलेक्ट्रॉन असतात. गणात वरून खाली जावे तसा अणूचा आकार वाढतो, हे इलेक्ट्रॉन सहज सुटतात आणि क्रियाशीलता वाढते. बेरिलियमवर पाण्याचा परिणाम होत नाही. मॅग्नेशियमला गरम पाणी किंवा वाफ लागते. कॅल्शियम थंड पाण्यातूनही हायड्रोजन मुक्त करतो. बेरियम तर तेलाखालीच ठेवावा लागतो. दिवाळीच्या फटाक्यांतील लाल रंग स्ट्रॉन्शियमच्या क्षारांचा आणि हिरवा बेरियमच्या क्षारांचा असतो.

या गणातील खरी गंमत क्षारांच्या विद्राव्यतेत आहे. मॅग्नेशियम सल्फेट पाण्यात सहज विरघळते, कॅल्शियम सल्फेट अगदी थोडे, तर बेरियम सल्फेट जवळजवळ विरघळतच नाही. बेरियमचा आयन अत्यंत विषारी आहे. रक्तात गेल्यास स्नायू लुळे पडतात, हृदयाची लय बिघडते. तरीही अन्नमार्गाच्या क्ष-किरण तपासणीआधी रुग्णाला बेरियम सल्फेटचे पांढरे मिश्रण पाजतात. बेरियमचा जड अणू क्ष-किरण अडवतो, त्यामुळे जठर व आतड्यांचा आकार चित्रात उमटतो. सल्फेट न विरघळताच शरीराबाहेर पडते. बेरियम कार्बोनेटही पाण्यात फारसे विरघळत नाही, पण जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लात लगेच विरघळते. म्हणूनच ते उंदीर मारण्याचे विष म्हणून वापरले जाई. २००३ साली ब्राझीलमध्ये तपासणीसाठी दिलेल्या बेरियम सल्फेटमध्ये कार्बोनेटची भेसळ निघाली आणि अनेक रुग्ण प्राणाला मुकले. बेरियम पोटात गेल्यावर विरघळणारे सल्फेट पाजण्याचा उपचारही याच रसायनशास्त्रावर आधारलेला आहे : पोटातील बेरियमचे न विरघळणारे सल्फेट बनते.

कॅल्शियमशी असलेले साम्यही धोक्याचे ठरते. हाडे कॅल्शियमबरोबर त्याच्या भावंडांनाही थारा देतात. अणुचाचण्यांतून वातावरणात मिसळलेले स्ट्रॉन्शियम-९० दुधावाटे मुलांच्या हाडांत व दातांत शिरले. त्याचा अर्धायुकाल सुमारे २९ वर्षे आहे. १९२०च्या सुमारास अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग देणाऱ्या तरुणी कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवीत. त्यांतील कित्येकींचे जबडे झडले, हाडांचे कर्करोग झाले.

हाडाच्या याच ओढीचा आता औषध म्हणून उपयोग होतो. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हाडांत पसरला असल्यास काही रुग्णांना रेडियम-२२३ शिरेवाटे देतात. अमेरिकेत या उपचारास २०१३ साली मान्यता मिळाली. रेडियम हाडातील गाठींपाशी जमते आणि त्यातून निघणारे अल्फा कण अगदी थोडे अंतर कापत असल्याने आजूबाजूच्या निरोगी पेशींना तुलनेने कमी इजा पोहोचते.