ब्रेलपासून यंत्रवाणीपर्यंत : मराठी लेखन आणि अंधांचे वाचन

देवनागरीत जसे बोलले जाते तसेच लिहिले जाते, असा समज मराठी सुशिक्षितांत दृढ आहे. तो किती अपुरा आहे, हे व्याकरणग्रंथांपेक्षाही अंधांच्या वाचनाच्या इतिहासावरून अधिक स्पष्ट होते.

लुई ब्रेलने आपली टिंबांची लिपी १८२९ साली प्रसिद्ध केली. ती भारतात आल्यावर निरनिराळ्या प्रांतांत तिच्या निरनिराळ्या पद्धती रूढ झाल्या आणि एका शाळेत शिकलेल्यास दुसरीकडचे पुस्तक वाचता येईना. हा गोंधळ युनेस्कोच्या साहाय्याने १९५१ साली सिद्ध झालेल्या भारती ब्रेलने मिटविला. पुढच्याच वर्षी मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था निघाली.

भारती ब्रेलची घडण भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहण्याजोगी आहे. देवनागरीत ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या अलीकडे काढतात. ब्रेलमध्ये स्वर उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतरच येतो. 'नऊ' हा शब्द लिहिताना न आणि ऊ यांच्यामध्ये अ घालावा लागतो, एरवी त्याचे 'नू' होईल. तथापि मराठीतील लुप्त अकाराला या लिपीनेही हात लावला नाही. 'नगर' मधील गकारात अ ऐकू येतो, 'नगरात' म्हणताना तो जातो. लेखनात मात्र दोन्हीकडे ग तोच. ही उणीव कोणास जाणवली नाही, कारण बोटांनी वाचणारा माणूस मराठीच होता. लिपीने जे सांगितले नाही ते त्याची जीभ जाणत होती.

यंत्राची गोष्ट वेगळी. छापील पान मोठ्याने वाचणारे कुर्झ्वाइल यांचे यंत्र १९७६ साली इंग्रजीपुरते अवतरले. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी एनव्हीडीए ही विनामूल्य प्रणाली २००६ पासूनची, आणि गूगलचा बोलका साहाय्यक मराठी बोलू लागला तो २०१८ साली. आता लिपीने अध्याहृत ठेवलेले सारे यंत्राला नियम करून शिकविणे भाग पडले. 'जग' हा शब्द विश्व या अर्थी तालव्य जकाराने उच्चारतात, 'जगणे' या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप म्हणून दंततालव्य जकाराने. लेखनात भेद नाही. अर्थ कळल्याशिवाय उच्चार ठरत नाही. अनुस्वाराची अडचण तर ऐतिहासिक आहे. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वीच्या ग्रंथांत 'त्यानें', 'घरें' अशी रूपे पानोपानी आढळतात. आजच्या नियमांवर पोसलेले यंत्र तेथे नको असलेला नकार वा मकार काढील, आणि जुन्या गद्याचा अंध विद्यार्थी तेच प्रमाण मानील. पडताळून पाहण्यास त्याच्यापुढे पान नसते.

यंत्रवाणी आल्याने ब्रेल कालबाह्य झाली, हे म्हणणेही घाईचे होय. 'दिन' आणि 'दीन' मराठीच्या उच्चारात एकच होऊन जातात. केवळ ऐकून शिकलेल्यास हा भेद कधी कळणारच नाही. बोटांना तो कळतो.

येथवर विचार झाला तो यंत्राच्या बोलण्याचा. त्याच्या ऐकण्याचा प्रश्न सोलापुरात विशेष बिकट होतो. या शहरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू नांदतात, आणि अनेकांची मराठी ही घराबाहेर मिळविलेली भाषा असते. शिवाय 'काय करतोस' ऐवजी 'काय करायलास' म्हणणे हा येथील सहज प्रयोग आहे. प्रमाण मराठीच्या नमुन्यांवरच यंत्र घडविले असेल, तर त्याला हे अशुद्ध नव्हे, अनाकलनीय वाटेल. डोळस व धडधाकट माणूस अशा वेळी हाताने अक्षरे टंकून मोकळा होतो. ज्याचे हात चालत नाहीत त्याला तो मार्ग नाही. यंत्राशी बोलायचे तर त्याने आधी आपली बोली सोडावयास हवी. वस्तुतः अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याने माहिती व संपर्क-साधने सुगम करण्याचा भार शासनावर टाकला आहे. पण सुगम म्हणजे कोणाच्या मराठीत सुगम, हे कायद्याने सांगण्याजोगे नाही. ते ठरविण्यासाठी बोलींचे ध्वनिमुद्रित नमुने लागतात, आणि त्यांत ज्यांची वाणीच अस्पष्ट आहे अशांचेही नमुने लागतात. अस्पष्ट वाणी यंत्राला समजावी म्हणून गूगलने २०१९ साली 'युफोनिया' हा प्रकल्प उघड केला, तेव्हा त्याचा आरंभ इंग्रजीपासून झाला.